‘साध्य साधनांचे समर्थन करते’ हे वाक्य मूळ ग्रंथात नाही

निवडणुका जवळ आल्या की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सुविचार फिरतो: हेतू साधत असेल तर कोणताही मार्ग क्षम्य, असे इटलीतील फ्लॉरेन्सच्या निकोलो मॅकियाव्हेली या मुत्सद्द्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे.

त्याच्या ‘द प्रिन्स’ या ग्रंथात हे वाक्य नाही. समज अगदीच निराधार मात्र म्हणता येणार नाही, कारण १८व्या प्रकरणात त्याच्या जवळ जाणारे विधान आहे: जिथे दाद मागायला न्यायासन नसते तिथे लोक, विशेषतः राजांच्या बाबतीत, कृतीचा परिणाम पाहतात. लोक काय पाहतात हे त्याने नोंदवले. परिणाम चांगला म्हणून कृती न्याय्य, असा निवाडा तिथे दिलेला नाही. १४९८ ते १५१२ अशी चौदा वर्षे सरकारी कामकाज सांभाळलेल्या या माणसाचे मनुष्यस्वभावाविषयीचे मत कडवटच होते (माणूस एक वेळ बापाचा मृत्यू विसरेल, पण गेलेली वडिलोपार्जित मालमत्ता नाही, असे तो १७व्या प्रकरणात म्हणतो), त्यामुळे हे वाक्यही त्याचेच असणार असे वाटणे स्वाभाविक आहे.

पडताळणी अवघड नाही. पुस्तक २६ छोट्या प्रकरणांचे आहे. अप्पा बळवंत चौकातून एखादे भाषांतर आणावे आणि १८व्या प्रकरणाचा शेवटचा भाग सावकाश वाचावा.