किल्ला (दिवाळीतील)

सहामाही परीक्षा संपली की मुले दगड-मातीचा जो गड रचतात, तो दिवाळीतला किल्ला. सातारा-सांगलीकडे अंगण, बोळ, गच्ची, इमारतीचा जिन्याखालचा कोपरा, जागा मिळेल तिथे तो उभा राहतो. साताऱ्यात समोरच अजिंक्यतारा असल्याने अनेकांचा पहिला किल्ला तोच. त्याचा माथा लांबट आणि सपाट आहे, पण लहान हात हमखास टोकदार डोंगर करतात. प्रतापगड (बांधणी १६५६) करायचा तर बालेकिल्ला आणि खालचा किल्ला वेगवेगळे दिसायला हवेत.

चार बाय तीन फुटांच्या किल्ल्याला चाळलेली माती आठ-दहा पाट्या लागते. तळाला मोठे दगड आणि विटांचे तुकडे रचून सांगाडा करतात, त्यावर ओले पोते पसरतात आणि मग चिखलाचा गिलावा देतात. पोते नसले तर चिखल उतारावरून घसरतो. कृष्णाकाठची काळी माती वाळताना आकसते आणि तटाला बोटभर भेगा पडतात. तिच्यात निम्मी लाल माती किंवा थोडा भुसा मिसळावा. भुयार करायचे तर आधी पत्र्याचा डबा आडवा पुरावा. नंतर कोरलेले भुयार ढासळते.

हिरवळीसाठी अळीव उत्तम. भिजले की ते बुळबुळीत होते आणि उभ्या उतारालाही चिकटते. चार-पाच दिवसांत हिरवे दिसते, म्हणून वसुबारसेच्या आधीच टाकावे. दाट थापले तर कुजते, उघडे राहिले तर मुंग्या नेतात. मोड येईपर्यंत ओले फडके झाकावे. पाणी हाताने शिंपडावे, तांब्याने ओतले तर बुरूज वाहून जातो. परतीच्या पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद जवळ हवाच.

कामे वयाप्रमाणे आपोआप वाटली जातात. चार-सहा वर्षांची मुले खडे वेचतात आणि चित्रे (किल्ल्यावरच्या छोट्या मूर्ती) मांडतात. वाघ दरवाजातच बसतो, मावळ्यापेक्षा कोंबडा मोठा असतो, आणि मांडणी रोज बदलते. ती बदलू द्यावी. त्यांचा किल्ला तेवढाच असतो. सात ते दहाची चिखल तुडवतात. अकरा-चौदाची तट, बुरूज, पायऱ्या आखतात, आणि महाराजांची मूर्ती माथ्यावर बसवायचा मान बहुधा त्यांचा. दहावीतली मुले चिखलात हात घालत नाहीत, पण तट वाकडा गेला तर सांगायला हमखास येतात.

तुळशीच्या लग्नानंतर माती कुंड्यांत जाते आणि चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर.