महाग काय, शाई की बुडबुडा?

परवा प्रिंटरने रंगीत शाई संपल्याचं सांगून काम थांबवलं. मला छापायचा होता काळ्या अक्षरांतला एकच कागद. चिडून तिरंगी कार्ट्रिज बाहेर काढलं आणि त्याचा तळ ओल्या टिश्यूपेपरवर टेकवला. निळा आणि गुलाबी असे दोन गडद पट्टे उमटले, पिवळा तेवढा फिकट. म्हणजे एक रंग आटला आणि त्याच्यासोबत उरलेले दोन रंगही टाकून द्यायचे.

शाई इतकी महाग का, असं विचारलं की ‘खास रसायनं असतात’ हे उत्तर हमखास मिळतं. प्रत्यक्षात या शाईत सर्वांत जास्त असतं पाणी. बाकी रंगद्रव्य, छिद्रांत शाई वाळू नये म्हणून ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन, पृष्ठताण आटोक्यात ठेवणारी आणि बुरशी रोखणारी द्रव्यं. टाकीवाल्या प्रिंटरसाठी कंपन्या अशीच शाई बाटलीत भरून विकतात, तेव्हा मिलिलिटरमागे तिचा दर कार्ट्रिजच्या कितीतरी पट कमी असतो. तेव्हा महागाईचं कारण द्रवात सापडणार नाही.

मग कारागिरी कुठे आहे? टिश्यूवर टेकवलेल्या त्या तळाशी. तिथे केसापेक्षाही बारीक छिद्रांच्या रांगा असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक इवलासा तापक. १९७७ मध्ये कॅनन या जपानी कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग गन चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाईची चिळकांडी उडाली. त्याच सुमारास एचपीमध्ये जॉन व्हॉट स्वतंत्रपणे, उष्णतेने शाई उडवायची या कल्पनेपर्यंत पोचले. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आला. त्याला १२ छिद्रं होती.

आता माझ्या आवडीचा भाग. पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकतो, पण त्यात एक गृहीतक दडलेलं असतं. वाफेचा बुडबुडा जन्मायला आधार लागतो: भांड्यावरचा ओरखडा, अडकलेली हवा, एखादा कण. आधार नसेल, तर नवजात बुडबुड्याला पृष्ठताण चिरडून टाकतो. पृष्ठताणाचा हा दाब बुडबुड्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे बुडबुडा जितका लहान तितका दाब जास्त. १०० अंशांच्या पाण्यात १० नॅनोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यावर तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ११५ पट भरतो. एवढा दाब झुगारून आपसूक बुडबुडे जन्मायला लागण्यासाठी पाणी ३०० अंशांच्याही थोडं पुढे जावं लागतं. तिथे वाफेचा स्वतःचा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण १०० पट असतो.

तापक नेमकं हेच साधतो. अवघ्या काही मायक्रोसेकंदांत तो एवढा तापतो, की तापमानवाढीचा वेग सेकंदाला १० कोटी अंशांच्या घरात जातो. ओरखड्यांवर सावकाश उकळत बसायला शाईला वेळच मिळत नाही. एवढ्या वेळात उष्णताही फार लांब पोचत नाही. तापकाला टेकलेला जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीचा थर तापतो, वरची शाई थंडच राहते. मग तो सगळा थर एकदम फुटतो, त्याची वाफेची चादर होते आणि ती समोरच्या शाईला छिद्रातून बाहेर ढकलते. थेंब निघाला की बुडबुडा कोसळतो आणि रिकाम्या जागेत नवी शाई आपोआप ओढली जाते. हे सगळं सेकंदाला हजारो वेळा चालतं. बुडबुडा कोसळतानाचा तडाखा सोसायला तापकावर टँटलम धातूचा पातळ थर देतात. शाईतले अशुद्ध घटक तापकावर जळून साचतात, त्याला कोगेशन म्हणतात. ‘कोगे’ म्हणजे जपानी भाषेत करपणं. त्यामुळे शाई शुद्ध असायला हवी, हा कंपन्यांचा मुद्दा मला मान्य आहे.

थेंब पाच पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) धरला, तर ५ मिलिलिटर शाईत १०० कोटी थेंब होतात. त्यातल्या प्रत्येकामागे एक स्फोट आहे हे आठवलं की त्या डबीबद्दल मला आदरच वाटतो.

पण या आदराने किमतीचा हिशोब सुटत नाही. कित्येक प्रिंटरांत छापणारं डोकं, म्हणजे तो छिद्रांचा भाग, यंत्रातच कायमचं बसवलेलं असतं आणि कार्ट्रिज म्हणजे शाईची डबी व एक चिप, एवढंच. तरीही ते स्वस्त नसतं. खरा हिशोब असा, की प्रिंटर कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकायचा आणि पैसे शाईतून वसूल करायचे. चिप त्याची राखण करते: कार्ट्रिज कुणाचं ते ओळखते आणि किती शाई खर्चली याची नोंद ठेवते. बहुतेक वेळा हा मोजून काढलेला अंदाज असतो, शाईची पातळी थेट तपासलेली नसते. छिद्रं साफ करायला प्रिंटर जी शाई आतल्या शोषक गादीत ओततो, तीही आपल्याच खात्यावर.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या डिजिटल केबलची गोष्टही अशीच. सोनं जोडणीला गंजू देत नाही, हे खरं. पण तेवढ्याने चित्र अधिक सुंदर दिसतं, हा दावा खोटा आहे. केबलमधून जाणारे शून्य आणि एक हे संकेत नीट ओळखले गेले, की चित्र तेच उमटतं.

माझ्या कार्ट्रिजमधला निळा आणि गुलाबी रंग अजून ओला आहे. पिवळ्या कप्प्यात सुईने बाटलीतली शाई भरून पाहणार आहे. वाफेच्या बुडबुड्याला शाई कुठून आली हे कळत नाही. चिपला काय वाटतं ते उद्या दिसेल.