स्प्रिंगवरील वस्तुमानाची दोलने

स्प्रिंगला जोडलेले वस्तुमान समतोल स्थितीपासून थोडे ओढून सोडले की ते त्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना ठरावीक वेळात ये-जा करू लागते. सरल हरात्मक गतीचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण. स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी तितक्या प्रमाणात ती उलट दिशेने बल लावते, आणि या प्रत्यानयन बलातूनच दोलने उपजतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट केलेल्या कोड्याच्या रूपात छापला. शोधाचा मान राखून ठेवायचा, पण शोध उघड करायचा नाही, अशी ती त्या काळची रीत. कोड्याची उकल त्यांनी १६७८ मध्ये दिली : जितके ताणणे, तितके बल.

एक मीटर लांबी वाढवण्यासाठी जितके न्यूटन बल लागेल, तो स्प्रिंगचा बल स्थिरांक. दोलनकालाचे, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणाऱ्या वेळेचे, सूत्र असे :

दोलनकाल = २ × π × √(वस्तुमान ÷ बल स्थिरांक)

सूत्रात आयाम, म्हणजे समतोल स्थितीपासूनचे सर्वांत जास्त अंतर, नाही. १ सेंमी. ओढून सोडा की ३ सेंमी., वेळ तोच लागतो. जास्त अंतर कापावे लागते, पण बलही त्याच प्रमाणात वाढलेले असते. वस्तुमान चौपट केले तर दोलनकाल दुप्पट होतो. स्प्रिंग मधोमध कापली तर प्रत्येक तुकड्याचा बल स्थिरांक मूळ स्प्रिंगच्या दुप्पट भरतो, हे मात्र अनेकांना उलटे वाटते. वेटोळ्यांची संख्या निम्मी झाल्यावर तेवढ्याच ताणासाठी प्रत्येक वेटोळ्याला दुप्पट उघडावे लागते, म्हणून असे होते. बल स्थिरांक तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे तार जरा जाड निघाली तरी स्प्रिंग बरीच ताठ होते.

समजा, २० न्यूटन प्रति मीटर बल स्थिरांकाच्या स्प्रिंगला २०० ग्रॅमचे वजन टांगले. वजन ९.८ सेंमी. खाली येऊन स्थिरावते आणि सूत्राप्रमाणे दोलनकाल ०.६२८ सेकंद येतो. प्रत्यक्षात घड्याळ याहून जास्त वेळ दाखवते, कारण स्प्रिंगलाही वस्तुमान असते आणि तीही हलत असते. वरचे टोक स्थिर, खालचे टोक वजनाइतक्याच वेगाने हलणारे. मधल्या भागांच्या गतिज ऊर्जेची बेरीज केली की स्प्रिंगचे एक-तृतीयांश वस्तुमान वजनात मिळवावे लागते. स्प्रिंग ६० ग्रॅमची असेल तर हिशेबात २२० ग्रॅम धरायचे, म्हणजे दोलनकाल ०.६५९ सेकंद होतो. हा एक-तृतीयांशाचा नियम वजन स्प्रिंगपेक्षा बरेच जड असतानाच चालतो. काहीही न टांगता स्प्रिंग एकटीच दोलने घेत असेल, तर हा वाटा सुमारे ०.४०५ पर्यंत जातो.

मोजताना एका दोलनावर घड्याळ लावणे व्यर्थ आहे. हाताच्या प्रतिक्रियेलाच सुमारे ०.२ सेकंद लागतात. २० दोलनांचा एकूण वेळ घेऊन भागाकार करावा. वजनाच्या समतोल स्थितीसमोर टाचणी लावून ठेवावी आणि वजन तिच्यासमोरून एकाच दिशेने जाताना मोजावे. टोकाशी वजन रेंगाळते, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही. पहिल्या वेळी ‘शून्य’ म्हणायचे, ‘एक’ नाही. ‘एक’पासून सुरुवात केली तर ‘वीस’ म्हणेपर्यंत १९च दोलने झालेली असतात. वरच्या उदाहरणात त्या १९ दोलनांना १२.५२ सेकंद लागतील, त्याला २० ने भागले की ०.६२६. सूत्राच्या ०.६२८ शी उत्तर जवळजवळ तंतोतंत जुळते आणि दोन्ही चुका, मोजणीतली आणि स्प्रिंगच्या वस्तुमानाची, एकमेकींआड लपतात. म्हणूनच एका वजनावर विसंबू नये. निरनिराळी वजने लावून दोलनकालाच्या वर्गाचा वस्तुमानाशी आलेख काढावा. मोजणी बरोबर असेल तर ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही. वाढवल्यास वस्तुमानाचा अक्ष उणे २० ग्रॅमच्या आसपास छेदते. तिच्या चढावरून बल स्थिरांक मिळतो.

घट्ट वेटोळ्यांच्या स्प्रिंगमध्ये वेटोळी मुळातच एकमेकांवर दाबून बसवलेली असतात. थोडे वजन लावून ती उघडतच नाही, त्यामुळे बल स्थिरांक एकाच वजनाच्या ताणावरून काढला तर चुकतो. दोन वजनांमधला फरक घ्यावा. दोलनात वर येताना वेटोळी मिटली तर वजनाला धक्का बसतो आणि गती हरात्मक राहत नाही. आयाम लहान ठेवण्याचे खरे कारण हे. हलका स्टँड असेल तर तोही डोलतो. तो टेबलाला क्लॅम्पने आवळावा.

कधी कधी सरळ वर-खाली सोडलेले वजन थोड्या वेळाने आपोआप लंबकासारखे बाजूला झुलू लागते, आणि मग पुन्हा वर-खाली. दोष बहुधा हाताचा नसतो. वजन टांगल्यावरची लांबी वजनामुळे वाढलेल्या लांबीच्या चौपट असेल, तर वर-खाली होण्याची वारंवारता झुलण्याच्या बरोबर दुप्पट होते आणि ऊर्जा एका गतीतून दुसरीत जात राहते. वजन बदलले की हा प्रकार थांबतो.

हवा आणि धातूतले अंतर्गत घर्षण यांमुळे आयाम हळूहळू घटतो. ही घट (अवमंदन) कमी असेल तर दोलनकालावर त्याचा परिणाम जाणवत नाही.

गुरुत्वाकर्षण फक्त समतोल स्थिती कुठे असेल ते ठरवते; दोलनकालात त्याचा वाटा नाही. चंद्रावर हेच वजन कमी ताणेल, पण दोलने त्याच गतीने घेईल. तराजू निरुपयोगी ठरतो तिथे वस्तुमान याच तत्त्वाने मोजतात. १९७३ मध्ये सोडलेल्या स्कायलॅब अवकाशस्थानकात अंतराळवीर स्प्रिंगवर हलणाऱ्या खुर्चीत बसत आणि दोलनकालावरून त्यांचे वस्तुमान काढले जाई. त्यासाठी शरीर खुर्चीला घट्ट जखडून घ्यावे लागे, कारण सैल राहिलेले हातपाय आपल्याच तालावर हलतात आणि आकडा बिघडवतात.