व्याख्यान : तयारी व बांधणी

ठरलेल्या विषयाचे श्रोत्यांसमोर केलेले मुद्देसूद तोंडी विवेचन. पुण्यात हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेनंतर (१८७०) जाहीर सभांना नियमित वळण लागले. वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये झाला, असे सामान्यतः मानतात. वक्तृत्वोत्तेजक सभेतर्फे ती आजही उन्हाळ्यात भरते.

मराठी व्याख्यानाचा साचा कोठून आला, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तो इंग्रजी शिक्षणातून, विशेषतः महाविद्यालयीन वादसभांतून आला. पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्र भाषणाच्या तयारीची पाच अंगे मानते : आशयाचा शोध, रचना, भाषाशैली, स्मरण व सादरीकरण. प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या लेखनात ही विभागणी स्पष्ट दिसते. दुसरे मत नारदीय कीर्तनाकडे बोट दाखवते. कीर्तनकार नमनानंतर पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन सिद्धान्ताचे निरूपण करतो. मध्यंतरात नामाचा गजर होतो, कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात. मग उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानाने पटवला जातो. आधी प्रमेय, मग दृष्टान्त, हा क्रम मराठी वक्त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. रचनेपुरते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आकडेवारी व पुराव्यांवर उभ्या राहणाऱ्या राजकीय भाषणाला मात्र ते लागू पडत नाही.

अशा भाषणाचा नमुना म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९०२ चे अंदाजपत्रकावरील भाषण. हे भाषण इंग्रजीत, केंद्रीय विधिमंडळात झाले. त्यामागची अभ्यासाची शिस्त मात्र पुण्याची, रानड्यांच्या तालमीतली. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी (१८९७) गोखल्यांना अर्थशास्त्राचे अभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांचे आकडेवारीत मोठे साहाय्य झाले होते व पुढेही ते मिळत राहिले. १९०२ च्या भाषणाचा कणा एकच विधान आहे : सरकारची शिल्लक ही प्रजेच्या सुबत्तेची खूण नसून गरजेपेक्षा जास्त करवसुलीची खूण आहे. चलनधोरण, मिठावरील कर, शेतकऱ्यांची स्थिती हे सारे मुद्दे या विधानाच्या आधारासाठी येतात. तयारीचे मर्म येथेच आहे. मध्यवर्ती विधान एका वाक्यात लिहिता येईपर्यंत टिपणे काढण्यात फारसा अर्थ नसतो.

मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला सुमारे १०० ते १३० शब्द होतात. त्यामुळे तासाभरात तीन-चारच मुद्दे नीट मांडता येतात. टिपणात संपूर्ण वाक्ये न लिहिता मुद्द्यांचे शब्द, सनावळी व अवतरणे तेवढी लिहितात. सुरुवातीची व शेवटची वाक्ये पाठ असावीत, बाकीचे भाषण पाठ नसलेलेच बरे. घोकलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची ओळ अडते. वेळ कमी पडल्यास गाळायचा भाग आधीच ठरवलेला असावा. तसे नसेल, तर अध्यक्षांची चिठ्ठी आली की वक्ता नेमका निष्कर्षच गुंडाळतो.

ध्वनिक्षेपकामुळे आवाज चढवण्याची गरज उरली नाही, तरी शब्दान्ती आवाज पाडण्याची खोड अजून आढळते. आभारप्रदर्शन दोन-तीन मिनिटांत आटपावे असा संकेत आहे. तो क्वचितच पाळला जातो.