शेल मिळणे वेगळे, सर्व्हर होणे वेगळे

चवथीच्या सुट्टीत कुणीतरी कपाटातली जुनी नेटवर्क डिस्क बाहेर काढतो, तिच्यावर एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) सुरू करतो आणि घरचा लिनक्स सर्व्हर तयार झाल्याचे जाहीर करतो. फोंड्यात हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की एकदाच नीट लिहून ठेवतो: डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या लिनक्समध्ये शेल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा, मिळणे आणि त्या यंत्रावर आपले लिनक्स बसवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सांबा (नेटवर्कवर फाइली वाटून देणारा प्रोग्रॅम), वापरकर्ते, फोल्डरांचे हक्क हे सारे दोन्हीकडे जवळपास सारखेच चालते, त्यात वेळ घालवत नाही. गोंधळ आहे तो मालकीचा. शेल मिळाले तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि रूट पार्टिशन (डिस्कचा मूळ प्रणाली असलेला भाग) कंपनीचेच राहते. भाटकार (जमीनमालक) ती, आपण मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे). खऱ्या मुंडकाराला निदान गोव्याच्या १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. इथे फर्मवेअरचा (यंत्रातल्या कंपनीच्या प्रणालीचा) एक अपडेट आपली सगळी मांडणी पुसून टाकू शकतो. ‘पण मी सीएचरूटमध्ये डेबियन टाकले आहे’ (डेबियन हे लिनक्सचेच एक वितरण) हे उत्तर मला विशेष खटकते, कारण सीएचरूट म्हणजे चालू प्रणालीतल्या एका फोल्डरात मांडलेली दुसरी प्रणाली, आणि तिला स्वतःचा कर्नल नसतो. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्कमध्ये कर्नल २.६.३२ आहे आणि ग्लिबसी (प्रोग्रॅमना लागणारी लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२६ पासून पुढे किमान ३.२ मागते, त्यामुळे ताजे डेबियन तिथे ‘कर्नल फार जुना’ असे सांगून पहिल्याच आज्ञेला थांबते.

गंमत अशी की या यंत्रात मुळातच डेबियन होते, पण लेनी ही जुनी आवृत्ती, जिला सुरक्षा अपडेट मिळणे फेब्रुवारी २०१२ मध्येच बंद झाले. कंपनीचा शेवटचा फर्मवेअर अपडेट २०१५ चा. जून २०२१ मध्ये इंटरनेटला उघडी असलेली अशी कितीतरी यंत्रे बाहेरून आलेल्या आज्ञेने फॅक्टरी रीसेट होऊन रिकामी झाली.

म्हणून माझी पसंती दुसऱ्या वाटेला, म्हणजे आपले लिनक्स बसवण्याला. याच यंत्रावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसारख्या छोट्या यंत्रांसाठीचे लिनक्स) चालते: डिस्क काढून पीसीला जोडायची, त्याची इमेज (तयार प्रणालीची फाइल) लिहायची, परत बसवायची. रॅम २५६ एमबी असल्याने अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. फाइली, रात्रीचा बॅकअप आणि घरापुरते डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता शोधणे) एवढे पुष्कळ झाले. राउटरवरचे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याच्या वाटा, मात्र दोन्ही वाटांत बंदच हवेत.

इमेज लिहिण्याआधी जुना डेटा नेटवर्कवरूनच दुसरीकडे उतरवून घ्यावा. डिस्क काढून पीसीवर वाचू, असे म्हणणारे इथे फसतात: कंपनीने डेटा पार्टिशन ६४ केबीच्या ब्लॉकने फॉरमॅट केलेले आहे, पीसीचे मेमरी पेज ४ केबीचे असते, आणि त्यामुळे जुन्या कर्नलवर ते साध्या माउंटने उघडत नाही. नकल चालू असताना यंत्र इन्व्हर्टरवर ठेवावे, विशेषतः पावसाळ्यात.