बैलाचा दम कुठे साठतो?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. इंदूरपासून देपालपूरकडे आमची थोडी शेती होती. तेव्हा आजोबा हळद आणि लोणी एका वाटीत कालवून मालवी जोडीच्या खांद्यांना चोळत. जुवाने घट्टा पडलेली ती जागा हाताला जुन्या वहाणेच्या चामड्यासारखी लागे. पोळ्याला औत नाही, गाडी नाही, हे सगळ्यांच्याच घरी होते. आजोबांचा दंडक मात्र पुढचा होता: जड काम उरकले की जोडीला तीन दिवस जुवाखाली घ्यायचे नाही. माणूस रात्रभरात ताजा होतो, बैल होत नाही, असे ते सांगत. शास्त्राला हीच गोष्ट उलगडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

त्याआधी माळव्याची सगळी ये-जा जनावरांच्याच बळावर चालत होती. 1870 च्या दशकात होळकर स्टेट रेल्वे इंदूरला येईपर्यंत धान्य, कापूस, मीठ बैलगाडीने किंवा पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांवरून घाट चढून येई. बंजाऱ्यांचे तांडे आणि होळकरांचे घोडदळ, दोघांनाही जनावराचा दम ओळखता येणे भागच होते. पण तो दम शरीरात नेमका असतो कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तराची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. यकृत स्वतः साखर तयार करते, हे क्लोद बर्नार याने 1848 मध्ये दाखवले होते. 1857 मध्ये त्याने यकृतातून तो साठवलेला पदार्थच वेगळा काढला: ग्लायकोजेन, म्हणजे प्राण्यांच्या शरीरातला पिठूळ साठा. त्याच वर्षी जुलैच्या पहिल्या तारखेला इंदूरच्या रेसिडेन्सीवर उठाव झाला. आमच्याकडे 1857 म्हटले की तेवढेच आठवते, आणि ते साहजिक आहे.

पुढचा धागा स्नायूंचा. 1907 मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर काम करून दाखवले की थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते आणि प्राणवायू मिळाला की ते कमी होते. 1929 मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने पूर्ण फेरा मांडला. स्नायू ग्लायकोजेन जाळतो, लॅक्टिक आम्ल रक्तातून यकृतात जाते, तिथे त्याची पुन्हा साखर होते आणि ती स्नायूकडे परतते. 1947 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. वैद्यकशास्त्रातले नोबेल मिळवणारी गर्टी पहिली स्त्री. यातली एक गोष्ट जनावरे पाळणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. यकृत आपला साठा रक्तात सोडून सगळ्या शरीराला वाटते. स्नायूला ते जमत नाही. त्याचा साठा त्याच्यापुरता.

बैल सपाट वाटेने आपल्या चालीने चालतो तेव्हा बराचसा खर्च चरबीवर आणि चाऱ्यातून आलेल्या आम्लांवर भागतो. स्नायूतली पुंजी लागते ती झटक्याच्या कामाला. पावसाळ्यात आमची गाडी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली होती. जोडीने गुडघे टेकून, माना खाली घालून तीनदा जोर लावला. चौथ्यांदा हाक दिली तेव्हा बैल उभेच राहिले, मांड्या थरथरत होत्या. गडी चाबूक उगारायला गेला, आजोबांनी त्याचा हात धरला. तो आळस नव्हता. हाकेसरशी जे जाळायचे, ते त्या मांड्यांत बहुधा फारसे उरलेच नव्हते.

आणि हा साठा काम न करताही संपतो. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटते, आणि ते थेट स्नायूतल्या ग्लायकोजेनला तोडायला लावते. हा हुकूम पेशीच्या आत कसा पोहोचतो, हे उलगडणाऱ्या अर्ल सदरलँडला 1971 मध्ये नोबेल मिळाले. ट्रकमध्ये अनोळखी जनावरांबरोबर कोंबलेला, उपाशी, वळणावर तोल सावरणारा बैल दिवसभर एक पाऊल चालत नाही, तरी उतरतो तेव्हा गळून गेलेला असतो. बाजारातून आणलेला बैल दुसऱ्याच दिवशी वखराला जुंपून तो खोटा निघाला म्हणणे, हा मला सरळ अन्याय वाटतो.

मांसाच्या व्यापारात हेच दुसऱ्या वाटेने कळले. कत्तलीनंतर स्नायूतल्या ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की आकडा उतरतो) साधारण 5.5 पर्यंत उतरतो. दमलेल्या, घाबरलेल्या गुरात साठाच नसतो, पीएच 6 च्या वर राहतो, मांस काळपट पडते आणि लवकर नासते. गुरे शांतपणे आणण्याचे नियम कित्येक देशांत आले, त्यामागे दयेबरोबर हे नुकसानही होते.

आता आजोबांचे तीन दिवस. माणसाने नीट भात-पोळी खाल्ली तर साधारण एका दिवसात साठा भरतो. घोड्याला दोन-तीन दिवस लागतात. गुरांना त्याहून जास्त, कधी आठवडाभर. कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात पिष्ट आणि साखर आधी जंतूंच्या वाट्याला जाते. जंतू त्यांची आम्ले करतात, आणि त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत सावकाश साखर घडवते. थकलेल्या बैलाला प्रेमाने दिलेला गूळ माणसासारखा रक्तात उतरत नाही; एकदम फार दिला तर पोटात आम्ल वाढून बैल आजारी पडतो. त्याला हवा असतो कडबा, पेंड, पाणी, सावली आणि दिवस.

विश्रांतीचा हिशेब उलटाही बिघडतो. युरोपात गाड्या ओढणारे घोडे रविवारी भरपूर दाणा खाऊन उभे राहत आणि सोमवारी कामाला लागताच त्यांचे पुठ्ठे आखडत, लघवी काळी होई. त्याला सोमवारचा रोगच म्हणत. काही घोड्यांत ग्लायकोजेन अवाजवी साठवणारा जनुकीय दोष असतो, हे 2008 मध्ये सापडले. म्हणून सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करायचा.

आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत: दिवसात 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांवर जातो तिथे दुपारी 12 ते 3 जुंपायचे नाही. माळव्यातल्या मे महिन्यात ही शेवटची अट मोलाची आहे. पण या मर्यादा एका दिवसाच्या आहेत. जड काम झाल्यावर जोडी किती दिवस सोडायची, ते अजून ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्यालाच ठरवावे लागते.