होल्डवर हरवलेला आवाज

एका छोट्या पतसंस्थेच्या शाखेत ईपीएबीएक्सला, म्हणजे शाखेतले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राला, होल्डवर ऐकवण्यासाठी बाहेरून गाणी जोडण्याचे काम निघाले, तेव्हा मी योगायोगाने तिथे होतो. यंत्रात मुळातला एक सूर होताच. यूएम-६६ नावाची तीन पायांची छोटी चिप आपल्याकडे खेळण्यांत, शुभेच्छापत्रांत आणि दारावरच्या घंटेत वर्षानुवर्षे वाजत आली आहे; तिच्यात जेमतेम ६४ स्वर मावतात आणि ते संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. शाखेतला सूर त्याच जातीचा होता आणि खातेदार त्याला कंटाळले होते. म्हणून एका जुन्या मोबाइलमध्ये गाणी भरली गेली, इअरफोनच्या भोकात बसणारी केबल आणली गेली, तिचे दुसरे टोक कापून पांढरी आणि तांबडी अशा दोन तारा यंत्राच्या 'बाहेरचे संगीत' या जागेच्या दोन स्क्रूंखाली दाबल्या गेल्या आणि उरलेली उघडी तांब्याची जाळी, तिसरा स्क्रू नसल्यामुळे, कात्रीने छाटून टाकली गेली.

पहिले गाणे लावले, तर सतार, व्हायोलिन सगळे ऐकू आले, मात्र गायिका नव्हती. कुठे तरी लांब, विहिरीच्या तळातून यावा तसा तिचा अंधूक घुमार तेवढा होता. मग कोणी तरी एक जुने भावगीत लावले. त्यात ना गायक, ना पेटी, ना तबला. फक्त तबकडीची खरखर. 'पोर्ट उडाला', म्हणजे जोडणीची ती जागाच निकामी झाली, असा निकाल देऊन कारागीर पिशवी आवरू लागला. पोर्ट उडालेला नव्हता. उलट तो आपले काम अतिशय चोख करत होता, आणि ते काम काय हे समजले की गायिका कुठे गेली तेही समजते.

त्याआधी होल्ड म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या साध्या टेलिफोनमध्ये होल्डचे बटण दाबले की फोनच्या जागी एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, लाइनवर येत असे. त्यातून विद्युतप्रवाह वाहत राही आणि रिसीव्हर अजून उचललेलाच आहे अशी एक्स्चेंजची समजूत होऊन कॉल तुटत नसे. पलीकडच्या माणसाला मात्र संपूर्ण शांतता ऐकू येई, आणि तारेवरची शांतता व तुटलेली लाइन यांत कानाला फरक करता येत नाही. होल्डवर संगीत आले ते या अडचणीतून. अंकीय ईपीएबीएक्समध्ये प्रत्येक संभाषणाला काळाचा एक छोटासा खण नेमून दिलेला असतो. बाहेरून आलेल्या संगीतालाही असाच एक खण मिळतो आणि होल्डवर गेलेल्या सर्वांना त्याच खणाशी जोडले जाते. म्हणून तुम्ही होल्डवर गेलात की गाणे कडव्याच्या अर्ध्यातून सुरू होते. ते तुमच्यासाठी लावलेले नसते, आधीपासून चाललेलेच असते.

या कल्पनेचा जन्मही, सांगतात त्याप्रमाणे, एका चुकलेल्या जोडणीतून झाला. अमेरिकेत अल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराच्या इमारतीत टेलिफोनची एक सुटी तार पोलादी तुळईला टेकली होती आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचा कार्यक्रम त्या पोलादातून तारेत उतरून होल्डवरच्या लोकांना ऐकू येऊ लागला. लेव्ही यांनी तार दुरुस्त तर केलीच असेल, पण १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्जही केला, आणि १९६६ मध्ये ते त्यांना मिळाले.

आता पतसंस्थेकडे वळू. मोबाइलमधून डावा आणि उजवा असे दोन संकेत, म्हणजे सिग्नल, बाहेर पडतात आणि दोघांचा परतीचा रस्ता एकच असतो. केबलमधली ती जाळी म्हणजे हा सामाईक परतीचा रस्ता. ईपीएबीएक्सला मात्र एकच संकेत घ्यायचा असतो, आणि तो घेताना ते यंत्र आपल्या दोन स्क्रूंमधला विद्युतदाबाचा फरक मोजते. एका स्क्रूला डावा आणि दुसऱ्याला उजवा जोडला, तर यंत्राला मिळते ती डाव्यातून उजव्याची वजाबाकी. स्टुडिओत गाणे मिसळताना गायिकेचा आवाज समोरून यावा म्हणून तो दोन्ही बाजूंना अगदी सारखा ठेवतात, तर वाद्ये थोडी इकडे, थोडी तिकडे पसरतात. सारख्यातून सारखे वजा केले की शून्य उरते. गायिका गेली, वाद्ये राहिली. आणि घुमार दोन्ही बाजूंना किंचित वेगळा असल्यामुळे तिची तेवढीच सावली मागे राहिली. जुने भावगीत तर मोनो, म्हणजे डावे-उजवे तंतोतंत एकच, त्यामुळे ते सबंधच्या सबंध वजा झाले आणि तबकडी संगणकात उतरवताना दोन्ही बाजूंवर निरनिराळी पडलेली खरखर तेवढी शिल्लक राहिली.

हा अनुभव खरे तर आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेला आहे. इअरफोनची पिन अर्धवट बाहेर सरकली की गाण्यातला गायक गायब होतो आणि मागचे संगीत पोकळ होऊन वाजत राहते, ते याच कारणाने: परतीची तार सुटते आणि दोन्ही कानांतले पडदे डाव्या-उजव्याच्या फरकावर हलू लागतात.

उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. डाव्या आणि उजव्या तारेत प्रत्येकी सुमारे एक हजार ओहमचा रेझिस्टर घालायचा, त्यांची पुढची टोके एकत्र करून एका स्क्रूला द्यायची आणि जाळी दुसऱ्या स्क्रूला. रेझिस्टर न घालता दोन तारा नुसत्या पिळून एकत्र केल्या तरी आवाज येतो, पण मग मोबाइलचे डावे आणि उजवे वर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, एकमेकांना ढकलत बसतात, आणि हे त्यांच्या प्रकृतीला चांगले नाही.

पिन भोकात बसली म्हणजे जोडणी जमली, हा समज विद्युतदाबाच्या बाबतीतही घात करतो. घरगुती ध्वनियंत्राच्या 'लाइन आउट' मधून साधारण ०.३ व्होल्टचा संकेत निघतो आणि ईपीएबीएक्सला असाच काही तरी अपेक्षित असतो. इअरफोनचे भोकही आवाज कमी ठेवल्यास चालते. स्पीकरच्या तारा मात्र कधीही थेट जोडू नयेत. स्पीकरला ढकलण्यासाठी तयार केलेला संकेत कितीतरी पट मोठा असतो आणि तो घेण्याची त्या पोर्टची ताकद नसते. संकेत मर्यादेपेक्षा मोठा झाला की लहरींचे माथे सपाट कापले जातात, आणि अशा कापलेल्या लहरीत मूळ संगीतात नसलेले स्वर निर्माण होतात. कान त्यालाच 'आवाज फाटला' म्हणतो.

दुसरी नेहमीची तक्रार घुमघुमीची. गाणी मोबाइलऐवजी संगणकावरून दिली, तर संगणकाला एक अर्थिंग आणि ईपीएबीएक्सला दुसरे, असे दोन ठिकाणी जमिनीशी जोडलेले एक वर्तुळ तयार होते. दोन्ही ठिकाणच्या जमिनीचा विद्युतदाब कागदावर शून्य असला तरी प्रत्यक्षात थोडा वेगळा असतो, आणि त्या फरकामुळे केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांचा, प्रवाह फिरू लागतो. टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचे फारसे पुढे सोडत नाही, तरीही घुमघूम ऐकू येते, कारण विजेच्या लहरीबरोबर तिचे १५०, ३५० असे गुणकही येतात आणि त्यांतले वरचे गुणक फोनच्या पट्ट्यात बसतात. मग आपल्याकडचा रामबाण इलाज म्हणून प्लगची तिसरी जाड पिन काढून टाकली जाते. घुमघूम थांबते हे खरे, पण अर्थिंग हे माणसाला शॉकपासून आणि ईपीएबीएक्सला विजांच्या दिवसांत लाइनवरून येणाऱ्या झटक्यापासून वाचवण्यासाठी असते, गाण्यासाठी नव्हे. योग्य उपाय म्हणजे मधे काडेपेटीएवढा एकास-एक ट्रान्सफॉर्मर घालणे. त्यात दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना कुठेच चिकटत नाहीत. संकेत चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जातो आणि जमिनीचे वर्तुळ तुटते.

मोबाइलला अर्थिंग नसल्याने तो या भानगडीतून सुटतो, पण त्याचे स्वतःचे दोन उपद्रव आहेत. सिमकार्ड आत असेल तर टू-जी नेटवर्कशी बोलताना तो सेकंदाला २१७ वेळा रेडिओलहरींचे फटके मारतो आणि केबल त्या फटक्यांची टिर्र-टिर्र गोळा करते. शिवाय येणाऱ्या प्रत्येक मेसेजची टिंग सर्व खातेदारांना ऐकू जाते. सिम काढून फ्लाइट मोड लावला की दोन्ही मिटतात.

एवढे सगळे बिनचूक केल्यावरही पलीकडे पोहोचते ते मूळ गाणे नसते. टेलिफोन बोलण्यासाठी बांधलेला रस्ता आहे. अंकीय यंत्रणेत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काही मांडताच येत नाही, आणि व्यवहारात ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वापरला जातो. भजनातल्या टाळांचा झणत्कार बराचसा या पट्ट्याच्या वर असतो, त्यामुळे टाळ फोनवर पत्र्यावर पडलेल्या खिळ्यांसारखे वाजतात. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची मूळ वारंवारता सुमारे ७० हर्ट्झ. ती तर दारातच अडवली जाते. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो, आणि या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे. तार एकट्या मूळ स्वराने वाजत नाही, तिच्यातून त्या स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही निघतात. त्यांतले ३०० हर्ट्झच्या वरचे कानापर्यंत पोहोचले की त्यांच्यामधल्या समान अंतरावरून मेंदू न आलेला मूळ स्वर स्वतःच उभा करतो. फोनवर वडिलांचा जड आवाज जडच वाटतो, तोही याच युक्तीने.

ऐकणारा मोबाइलवर असेल तर आणखी एक चाळण लागते. मोबाइल यंत्रणा आवाज जसाच्या तसा न पाठवता, मानवी कंठातून तो कसा निघाला असेल याचे वर्णन दर २० मिलिसेकंदांनी पाठवते आणि पलीकडचा फोन त्या वर्णनावरून आवाज पुन्हा घडवतो. एका माणसाच्या बोलण्याला हे वर्णन नेमके लागू पडते, वीस वाद्यांच्या मेळाला कसे लागू पडणार? त्यातच पार्श्वभूमीचा गोंगाट दाबणारी यंत्रणा तंबोऱ्याच्या संथ, अखंड नादाला पंख्याची घरघर समजून मधूनमधून दाबून टाकते. म्हणून होल्डसाठी एकट्या बासरीसारखे, मोजक्या स्वरांचे, मध्यम सप्तकातले संगीत निवडावे. वाद्यवृंद कितीही आवडीचा असला तरी तो या रस्त्याने धड पोहोचत नाही.

कायद्याचे एक कलम इथेच सांगितलेले बरे. गाण्याची फाइल विकत घेतली म्हणजे ती खातेदारांना ऐकवण्याचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, तर गीत आणि चाल यांवरचा हक्क कवी-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे तबकडी हक्कमुक्त आणि तिच्यावरचे गीत हक्कबद्ध, असेही असू शकते.

पतसंस्थेत शेवटी दोन रेझिस्टर बसले. आवाजाची पातळी यंत्राजवळ उभे राहून ठरत नाही, म्हणून शाखाधिकारी आपला मोबाइल घेऊन रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेले आणि शाखेत फोन करून होल्डवर राहिले. आधी कारकुनाचे 'नमस्कार', मग गाणे. गाण्यासाठी फोन कानापासून लांब धरावा लागू नये किंवा कानाला दाबावाही लागू नये, अशी कसोटी ठरली. खिडकीतून ते हाताने 'कमी, अजून कमी' अशी खूण करत होते आणि आत कारागीर मोबाइलचे बटण एकेक घर खाली आणत होता. चौथ्या खुणेला त्यांचा हात थांबला. त्यांनी फोन मात्र कानावरून काढला नाही. भावगीताचे दुसरे कडवे सुरू झाले होते.